मान वळवून बघणारी माणसं

कागदपत्रांच्या बाबतीत इंदापूर तालुका भाग्यवान आहे. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला प्रिंगलसाहेबानं पुणे जिल्ह्याची मोजणी केली. तिचा सारा इतका जड निघाला की कुळं जमिनी टाकून निघून गेली. मग १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्यानं मोजणी घेतली ती इंदापुरापासून. शेताला नंबर, नंबराला प्रत, प्रतीप्रमाणे आकार आणि तीस वर्षं तोच आकार कायम, ही पद्धत इथून सगळ्या मुंबई इलाख्यात गेली. त्यामुळं आमच्या भागात कोणता तुकडा कुणाकडून कुणाकडं गेला, हे पाच-सहा पिढ्या मागं जाऊन सांगता येतं.

माझ्या घराण्यातल्या दुखण्याचा माग काढायला मी आधी या कागदांकडंच गेले. सातबारा, फेरफार, वारसनोंदी आणि गावचं कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूची मोडीतली वही. या वहीत मरणाचं कारण लिहिलेलं असतं. ताप, पटकी, खोकला, म्हातारपण. आमच्या पणजोबांच्या नावापुढं ‘पडून’ एवढंच आहे. ते आठ-नऊ वर्षं रोज पडत होते, हे वहीला ठाऊक नाही. वारसनोंदीत मुलगे क्रमानं येतात. मुली लग्न होऊन गेल्या की कागदावरून पुसल्यासारख्या होतात. आमच्या घरातलं दुखणं मात्र मुलग्यात आणि मुलीत फरक करत नाही.

ते सगळं ठाऊक होतं आजीला, माझ्या वडलांच्या आईला. ती सून म्हणून आली तेव्हा सासरे पन्नाशीच्या पुढं होते आणि भिंत धरून चालत होते. पुढं तिनं नवऱ्याचं केलं. त्यांना पंचेचाळिशीत लागलं. मग पोटच्या पोराचं, माझ्या वडलांचं केलं. त्यांना चाळिशीही गाठता आली नाही. तीन पिढ्यांची तोंडं धुतली, घास भरवले, ठसका लागला की पाठ चोळली. दुखणं कसं येतं हे तिला कुठल्याही डॉक्टरच्या आधी कळायचं.

ती म्हणायची, “पाय मागनं जात्यात. आधी डोळं थांबत्यात. आपण हाक आली की डोळं फिरवतो, त्यो आख्खी मान फिरवतो.”

तुकोबांची पालखी बारामती सोडून आमच्या तालुक्यात येते. सणसरचा मुक्काम झाला की बेलवाडीला पहिलं गोल रिंगण लागतं. एका वर्षी आम्ही सगळे तिथं उभे होतो. अश्व सुटला, पताकांच्या कडेनं धावू लागला. आजीनं माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली, “बापाकडं बघ.” वडलांची मान घोड्याबरोबर फिरत होती. घोडा पुढं जायचा, मान मागं राहायची, मग एक हिसका देऊन पुढं यायची. डोळे चेहऱ्यात रुतून बसल्यासारखे. तेव्हा वडील सायकल चालवत होते, दारे धरायला रानात जात होते. कुणालाही त्यांच्यात काही वावगं दिसलं नसतं. दोन वर्षांनी त्यांचा तोल जायला लागला, जीभ जड झाली, आणि लोक दारू चढलीय म्हणू लागले. आयुष्यात दारूला न शिवलेल्या माणसाला एकदा भरल्या गाडीतून दारुड्या म्हणून उतरवलं गेलं.

आजीनं पाहिलेली ही खूण वैद्यकशास्त्रात नोंदली गेली ती आपल्याच मुंबईत, हे मला फार उशिरा कळलं. जे. जे. रुग्णालयात मज्जाविकारांचा विभाग उभा करणारे डॉ. नोशिर वाडिया यांनी डॉ. स्वामी यांच्यासह १९७१ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ कुटुंबांचा अभ्यास छापला. पिढ्यान् पिढ्या चालणारा, तोल घालवणारा आजार आणि त्यासोबत मंदावलेली डोळ्यांची हालचाल. एका वस्तूवरून दुसरीवर नजर उडी मारून जाते ती उडीच या माणसांत संथ होते, म्हणून ती मान फेकतात. लहान मेंदूच्या अशा आजारांत हा प्रकार वेगळा आहे, असं वाडियांनी मांडलं. तेव्हा जनुक सापडायला पंचवीस वर्षं होती. हातात साधनं होती ती बारीक नजर, आणि कुटुंबाला बोलतं करण्याची चिकाटी. वाडियांचं ऋण आपल्याकडं पुरेसं बोललं जात नाही. तोल जाण्याच्या डझनावारी आजारांतून एक आजार त्यांनी नुसत्या डोळ्यांवरून वेगळा काढला, आणि १९९८ साली त्यांनीच सहा भारतीय घराण्यांची जनुकीय तपासणी छापली. संथ नजरेची ती खूण खरी होती.

या आजाराचं आजचं नाव स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, प्रकार दुसरा. डॉक्टर एससीए-२ म्हणतात. बाराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सी-ए-जी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक माणसांत ती बावीस वेळा असतात. तेहतीसच्या पुढं गेली की आजार संभवतो, आणि रुग्णांत ती बहुधा सदतीसच्या आसपास किंवा जास्त सापडतात. त्या लांबलेल्या साखळीतून बिघडलेलं प्रथिन तयार होतं, आणि लहान मेंदूतल्या व मेंदूच्या देठातल्या पेशी हळूहळू मरतात. आई किंवा बाप, कुणा एकाकडून ही साखळी आली तरी पुरे. प्रत्येक मुलाला ती मिळण्याची शक्यता निम्मी. एका पिढीतून पुढच्या पिढीत जाताना, विशेषतः बापाकडून, ती आणखी लांबते, आणि जितकी लांब तितकं दुखणं लवकर. सासऱ्याला पन्नाशीनंतर, नवऱ्याला पंचेचाळिशीत, पोराला चाळिशीच्या आत. आजी म्हणायची, “ह्ये दुखणं वय चोरतंय.” शास्त्रज्ञांनी हे साखळ्या मोजून दाखवलं, आणि तिचा हिशेब जुळला.

आजीचं निदान अचूक होतं, पण कारणं सगळ्या घरासारखी तिनंही गोष्टींतूनच घेतली होती. आमच्या घरात दोन गोष्टी चालत. एक नागिणीची. विहीर पाडताना गाभण नागीण सुरुंगात मेली, तिनं शाप दिला. ही गोष्ट आमच्या भागात पुष्कळ घरांत, पुष्कळ दुखण्यांसाठी सांगतात, म्हणून मी तिच्यापाशी थांबले नाही. दुसरी गोष्ट मात्र आमच्याच घरची होती आणि जिव्हारी लागणारी होती. खापरपणजोबांनी करमाळ्याकडची, भीमेपलीकडची बायको केली. तिच्या पदराला बांधून हे दुखणं आलं. ‘करमाळ्याची’ हा शब्द आमच्याकडं कुणी नीट उच्चारत नसे. घरात कुणी अडखळलं की बायका पुटपुटायच्या, करमाळ्याचं आलं.

आजीनं त्या बाईला पाहिलं होतं. आजी नवी नवरी, आणि ती सत्तरी ओलांडलेली आजेसासू. मी एकदा सहज विचारलं, ती कशी होती गं दिसायला? आजी रंगून सांगू लागली. उंच, सावळी, कपाळावर गोंदण. काठी कधी धरली नाही. मरायच्या आदल्या वर्षीपर्यंत आषाढीला पायी पंढरपूर. सुईत दोरा स्वतः ओवायची.

मी म्हटलं, “आणि तिच्यामुळं हे दुखणं आलं म्हणता?”

आजी गप्प झाली. मग म्हणाली, “म्हणत्यात म्हणून म्हणतो आपण.”

ऐंशीच्या घरात ताठ चाललेली बाई हे दुखणं देईल, असं सहसा होत नाही. मग तिच्यावर आळ का आला? कारण तिचा नवरा, माझे खापरपणजोबा, प्लेगच्या साथीत गेले. वय चाळिशीच्या आसपास. त्यांच्या काळी आजार पन्नाशीनंतर डोकं वर काढत असेल, तर तो त्यांच्यात दिसायला वेळच मिळाला नाही. दिसला तो त्यांच्या मुलात. बाप धडधाकट वारलेला, मुलगा लुळा, आणि मध्ये परगावची विधवा आई. गावानं बोट कुणाकडं दाखवायचं ते दाखवलं.

एवढ्यावर मला म्हणता आलं असतं की ती निर्दोष होती. पण शंकेला जागा होती. खापरपणजोबांकडून दुखणं आलं याला पुरावा हवा होता, आणि तो कागदांत नव्हता. तो आत्याआजीकडं निघाला. आत्याआजी म्हणजे आजोबांची बहीण, बारामतीच्या बाजूला, सुप्याकडं दिलेली. तिनं नव्वदी पाहिली. पाय शाबूत, नजर चपळ. तिच्या वाट्याला ती साखळी आली नव्हती.

तिनं सांगितलेली हकीगत अशी. १८७६ सालच्या दुष्काळात खापरपणजोबा आणि त्यांचा धाकटा भाऊ दोघे पोरसवदा. गावात पाणी नाही, दाणा नाही. सरकारनं नीरेच्या डाव्या कालव्याचं काम दुष्काळी काम म्हणून काढलं. हजारो माणसं तिकडं लोटली. धाकटा भाऊ गेला तो परतलाच नाही. १८८५ साली कालव्याला पाणी सुटलं, कालव्याकाठच्या जिरायती रानात ऊस आला, आणि तो तिकडंच बारामती तालुक्यात कुणाच्या तरी वाट्यानं राहिला. पुढं वडिलोपार्जित जमिनीचा वाटा मागायला आला, तेव्हा बांधावरून असं भांडण झालं की दोन्ही घरांचं पाणी तुटलं. इकडं त्यांना ‘कालव्यावरचे’ म्हणायचे. लग्नकार्यात बोलावणं नाही, सुतक पाळणं नाही.

“त्यांच्यातबी हाय की,” आत्याआजी म्हणाली.

“काय?”

“हेच. मान वळवून बघायचं.”

तिच्या सासरच्या गावापासून कालव्यावरचे जवळच. बाजारात, जत्रेत दिसायचे. भावकी म्हणून तिनं कधी ओळख दाखवली नाही, पण डोळ्यांनी हिशेब ठेवला. धाकट्या भावाचा एक मुलगा, त्याची एक मुलगी, त्या मुलीचा मुलगा. कुणाला कुठं दिलं, कोण कुणाच्या पदरात, हे तिला तोंडपाठ होतं. मी विचारलं, कालव्यावरच्यांनी कधी करमाळ्याच्या त्या घरातली मुलगी केली होती का? आपल्याकडं आते-मामे भावंडांत सोयरीक करायची रीत, तेव्हा त्या वाटेनंही दुखणं तिकडं गेलं असतं. आत्याआजी ठामपणे म्हणाली, नाही. बोलणंच नव्हतं तर सोयरीक कुठली? त्यांच्या सगळ्या सुना कऱ्हाकाठच्या आणि फलटणकडच्या. तिनं एकेकीचं माहेर सांगितलं.

दोन सख्खे भाऊ. दोघांच्या बायका वेगवेगळ्या गावच्या. दोघांच्या वंशात तेच दुखणं. मग ते बायकांच्याही मागून, दोघा भावांच्या आईकडून किंवा बापाकडून आलेलं असणार. पुढं कालव्यावरच्या घरातल्या एकाची तपासणी झाली. तिथंही जनुक तेच निघालं. करमाळ्याच्या बाईवरचा शंभर वर्षांचा आळ एका म्हातारीनं बाजारात उभं राहून केलेल्या निरीक्षणानं उतरला. मला याचं मोल फार वाटतं. आमच्या वंशावळीत आता त्या बाईचं नाव आहे, आणि तिच्यापुढं मी लिहिलं आहे की तिच्याकडून काही आलं नाही.

कालव्यावरच्यांची कथा आणखी वेगळी होती. ते म्हणायचे, साहेबानं कालव्यासाठी माणसाचा बळी मागितला, आमच्या म्हाताऱ्यानं बळी द्यायचा नाकारला, म्हणून कालव्यानं घराण्याचे पाय घेतले. दुष्काळात खोदकामावर मेलेल्यांची आठवण अशा कथेत उरली असावी.

त्या दोन भावांच्या मागं आमची वाट थांबते. शिवाय जुनं गाव आता जमिनीवर नाही. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं, भीमाकाठची गावं पाण्यात गेली. आजोबांना तेव्हा चालता येत नव्हतं, त्यांना बैलगाडीत निजवून नव्या गावठाणात आणलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं, माणसं बघायला येतात. आमच्या वस्तीचे दगड तसे ओळखू येत नाहीत.

त्याच्याही मागं जायचं तर प्रयोगशाळेची वाट. दिल्लीतल्या, आज आयजीआयबी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या आणि एम्सच्या संशोधकांनी २००१ साली या साखळीचा अभ्यास छापला. निरोगी माणसांत सी-ए-जीच्या साखळीत मध्ये मध्ये सी-ए-ए असा एखादा वेगळा शब्द असतो. रुग्णांच्या साखळीत ही मधली कडी नाहीशी झालेली असते, आणि साखळी सैल होऊन वाढत जाते. वाढलेल्या साखळ्यांच्या शेजारची अक्षरंही त्यांनी वाचली, तर ती एकाच नमुन्याची निघाली. म्हणजे घराणी वेगळी, बोली वेगळ्या, तरी ज्या पट्टीवर ही साखळी लांबली ती पट्टी एकच, फार जुनी. तिथं ना नागीण आहे, ना कालवा, ना करमाळं.

आपल्या समाजाची घडणही या इतिहासात गुंतलेली आहे. भारतातले वेगवेगळे जनसमूह साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वीपर्यंत एकमेकांत मिसळत होते, मग जातीतच लग्न करायची चाल घट्ट झाली, असं २०१३ साली जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. हैदराबादच्या सीसीएमबीचे के. थंगराज त्या कामात होते. २०१७ साली त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या दुसऱ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ समूहांपैकी ८१ समूह असे निघाले की थोड्या पूर्वजांपासून वाढल्याची खूण त्यांच्यात फिनलंडच्या लोकांहून आणि अश्कनाझी ज्यूंहूनही ठळक आहे. अशा समूहात एखाद्या पूर्वजाचा दोष घरोघर साठतो. उत्तरेत अगरवाल समाजात हात थरथरवणारा एससीए-१२ असाच साठलेला आहे.

असे आजार जगभर आहेत. क्युबातल्या ओल्गीन प्रांतात आमचाच एससीए-२ लाखात चाळीसच्या आसपास माणसांना आहे, जगात सर्वांत दाट. तिथल्याच घराण्यांच्या रक्तावरून १९९३ साली जनुकाचा पत्ता बाराव्या गुणसूत्रावर लागला. आणि जगभर लोकांनी अशा आजारांच्या गोष्टी रचल्या, विद्वानही त्यांत मागं नव्हते. एससीए-३ ची कथा बोलकी. अमेरिकेत राहिलेल्या अझोर्स बेटांवरच्या पोर्तुगीज घराण्यांत तो प्रथम वर्णिला गेला, म्हणून माशादो-जोसेफ हे नाव पडलं, आणि जिथं सापडेल तिथं पोर्तुगीज खलाशांवर बोट ठेवलं जाऊ लागलं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या ग्रूट आयलँडवरच्या आदिवासींतही तो आहे. तिथंही खलाशांचीच कथा सांगत. २०१२ साली शेजारची अक्षरं वाचली तेव्हा ती आशियातल्या जुन्या शाखेशी जुळली. आमच्याकडं बोट ठेवायला सून होती, तिकडं खलाशी. बाहेरून आलेलं माणूस दोष लावायला सगळीकडं सोयीचं पडतं.

आता आत्ताचं सांगते. या आजारावर औषध नाही. व्यायाम, बोलण्या-गिळण्याचे उपचार, पडू नये म्हणून घरात केलेले बदल, यांनी माणसाचं जगणं पुष्कळ सुधारतं. वडलांना आम्ही मोरीत धरायला दांडी लावली ती वर्षानुवर्षं उपयोगी पडली. ज्यांच्या घरात हे आहे त्यांना सज्ञान झाल्यावर, समुपदेशकाशी बोलून, हवी असेल तरच रक्ततपासणी करता येते. मूल होण्याआधी काय करता येईल हेही विचारता येतं. तपासणी न करण्याचाही हक्क आहे. माझी तपासणी झाली की नाही, काय निघालं, हे माझ्यापाशी राहील.

पण धोका आहे हे ठाऊक असणं ही वेगळी गोष्ट. ती कुणापासून लपवू नये असं माझं मत आहे, आणि त्यावरून भावकीत माझ्याशी अबोला धरलेली घरं आहेत. आत्याआजीनं सांगितलेल्या लेकींच्या वाटांनी मी हिंडते. निमगाव केतकी, लासुर्णे, कळंब, माळेगाव, पणदरे. काही घरांत पाणी देऊन बसवतात, वहीत नावं लिहून देतात. काही ठिकाणी दारातूनच सांगतात, आमच्यात असलं काही नाही, आणि मागं ओसरीवर बसलेला माणूस माझ्याकडं बघायला आख्खी मान वळवतो.

कालव्यावरच्यांच्या एका लेकीच्या घरात या दिवाळीनंतर थोरल्या मुलीचं लग्न आहे. तिच्या आईला दुखणं लागलं आहे. वडलांचा निरोप आला, ताई, लग्न होऊ द्या, मग या. त्यांची भीती मला कळते. सोयरीक मोडली तर गावभर कारण जाईल आणि धाकटीचंही जमणार नाही. तरी मुलगी चोवीस वर्षांची आहे, शिकलेली आहे, आणि लग्न तिचं आहे. मी त्या वडलांना कळवलं की मी घरी येत नाही, नवऱ्या मुलाकडं तर मुळीच जाणार नाही. फक्त पुण्यात एक समुपदेशक बाई आहेत, त्यांचा पत्ता मुलीच्या हाती द्या, आणि लग्नाआधी द्या. त्यांचं उत्तर आलेलं नाही. मुलीचा मात्र काल फोन आला. तिनं एवढंच विचारलं, बारामतीहून सकाळी निघालं तर तिथं दुपारची वेळ मिळते का.